क्वेरी एकेकटी बघू नकोस

रात्रीची बॅच सकाळी साडेनवापर्यंत रेंगाळली की तुम्ही पोरं काय करता ते मला पाठ आहे. सगळ्यात जास्त वेळ खाणारी क्वेरी शोधायची, तिचा प्लॅन उघडायचा, एखादा इंडेक्स घालायचा, पाऊण तासाची क्वेरी अर्ध्या तासावर आणायची आणि चहाला निघायचं. त्यात वाईट काही नाही. पण वेअरहाउसमधला वेळ असा एका क्वेरीत साठून बसलेला नसतो, राजा. तो सगळ्यांनी वाटून खाल्लेला असतो. विक्रीचं एक मोठं फॅक्ट टेबल असतं आणि त्यावर शहरवार, मालवार, महिनावार, सेल्समनवार असे पंधरा-वीस रिपोर्ट असतात. प्रत्येक क्वेरी ते टेबल नव्याने वाचते, त्याच दुकानांच्या टेबलाशी जॉइन लावते, तीच रद्द झालेली बिलं गाळते आणि अगदी शेवटच्या पायरीला वेगळ्या रकान्यावर ग्रुप करते. चार मजली बिल्डिंगीत वीस दूधवाले चढतात आणि प्रत्येक जण एकेकाच दारात पिशवी ठेवून उतरतो, तसला हा प्रकार.

यात ऑप्टिमायझरला बोल लावू नकोस. त्याच्या हातात एका वेळी एकच क्वेरी पडते आणि ती जमेल तितकी स्वस्त करून द्यायची एवढंच त्याला सांगितलेलं असतं. हाच जॉइन शेजारच्या सेशनमध्ये दहा मिनिटांपूर्वी झालाय, अजून दहा मिनिटांनी तिसऱ्याला तोच लागणार आहे, हे त्याला कोण सांगणार? ते तुलाच दिसायला हवं. क्वेऱ्या जथ्याने बघायची सवय लागावी, कुठलं काम सामाईक करायचं आणि कुठलं खुशाल दोनदा होऊ द्यायचं याचा अंदाज यावा, एवढ्यासाठी मावशी आज बोलतेय.

सुरुवात रिपोर्टवाल्यांना विचारून करू नकोस. आपण नक्की काय चालवतो हे त्यांनाच नीट ठाऊक नसतं. लॉगला विचार. पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट स्टेटमेंट्स नावाचं एक्स्टेन्शन आहे. ते क्वेरीतल्या ठरावीक किमती काढून तिथे खुणा घालतं, त्यामुळे पुण्यासाठी चाललेली आणि नाशिकसाठी चाललेली क्वेरी एकाच खात्यात मोजली जाते. किती वेळा चालली आणि एकूण किती वेळ गेला, दोन्ही मिळतं. एकूण वेळावर सॉर्ट कर. चार सेकंदांची क्वेरी डॅशबोर्डवरून ९०० वेळा गेली की तास भरला, आणि जिच्यामागे तू आठवडा घालवलास ती पाऊण तासाची क्वेरी खाली राहिली. बिगक्वेरीत इन्फर्मेशन स्कीमाच्या जॉब्स व्ह्यूमध्ये किती बाइट वाचले ते दिसतं, आणि ऑन-डिमांड पद्धतीत बिल त्याच बाइटांवर येतं. तेव्हा तिथे सॉर्ट बाइटांवर.

मग वरच्या पंचवीस-तीस क्वेऱ्या घे आणि कागदावर, हो कागदावरच, प्रत्येकीची एकेक ओळ मांड. फॅक्ट टेबल कोणतं, तारखा कुठून कुठे, काय गाळलं, कशावर ग्रुप केलं, कसली बेरीज घेतली. एसक्यूएल वाचत बसू नकोस, त्यातच माणूस हरवतो. कागदावर मात्र लगेच दिसतं की अकरा ओळींचे पहिले तीन रकाने एकसारखे आहेत आणि फरक फक्त चौथ्या रकान्यात आहे.

कागदावर आणखी एक गोष्ट उघडी पडते, ती म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या क्वेऱ्यांमधले बारीक भेद. एकाने रद्द बिलं गाळलीत, दुसऱ्याने रद्द आणि शून्य रकमेची दोन्ही. एकाचा महिना कॅलेंडरचा, दुसऱ्याचा पंचवीस तारखेला संपणारा. हे भेद मुद्दाम आहेत की कोणीतरी जुनी क्वेरी कॉपी करताना राहून गेलेत, हे विचारल्याशिवाय काहीही एकत्र करू नकोस. सणांचं तर विचारूच नकोस. सराफाच्या धंद्यात पाडव्याची विक्री वेगळी काढायची असते, आणि दर रिपोर्टात कोणीतरी तारखांची यादी हाताने लिहिलेली असते. आता बघ, गुढीपाडवा २०२२ साली २ एप्रिलला आला आणि २०२३ साली २२ मार्चला. म्हणजे २०२२-२३ या एका आर्थिक वर्षात दोन पाडवे. मग २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला, म्हणून २०२३-२४ मध्ये एकही नाही. पुढचा ३० मार्च २०२५ ला, की २०२४-२५ मध्ये पुन्हा दोन. मागच्या वर्षाशी तुलना करणाऱ्या आठ क्वेऱ्या आठ ठिकाणी केस लिहून हे सांभाळायला बसल्या, तर त्यातली एक चुकणारच. कॅलेंडरच्या डायमेन्शन टेबलात सणाचा एक रकाना कर, तारखा तिथे एकदाच भर, सगळ्यांनी तिथून घ्यावं. वेग नंतर. आधी अर्थ सामाईक झाला पाहिजे.

आता मुख्य काम. कोणाचं उत्तर कोणाच्या उत्तरातून निघतं ते लाव. दिवस-दुकान-माल या पातळीवर बेरजा असतील तर महिना-शहर-माल त्यातून निघतं, त्यातून वर्ष-राज्य निघतं. वर जाता येतं, खाली नाही. १९९६ साली स्टॅनफर्डच्या वेंकी हरिनारायण, आनंद राजारामन आणि जेफ्री उलमन यांनी याचीच जाळी मांडली होती. त्यांचं उदाहरण मी दर नव्या मुलाला सांगते. टीपीसी-डीच्या चाचणी-डेटावर माल, पुरवठादार आणि ग्राहक हे तीन रकाने घेतले की ग्रुपिंगच्या आठ तऱ्हा होतात. तिन्ही मिळून ६० लाख ओळी. माल-ग्राहक ही जोडी घेतली तरी ६० लाख, पुरवठादार-ग्राहक घेतली तरी ६० लाखच. माल-पुरवठादार मात्र ८ लाख. एकेकटे घेतले तर माल २ लाख, ग्राहक १ लाख, पुरवठादार १० हजार. आठही साठवल्या तर सुमारे १ कोटी ९० लाख ओळी. पण ज्या दोन जोड्या मूळ टेबलाएवढ्याच मोठ्या आहेत त्या साठवून मिळतं काय? मूळ टेबल वाचलं काय आणि त्या वाचल्या काय, सारखंच. त्या दोन सोडल्या की काम साधारण ७१ लाखांत आटोपतं.

हे डोक्यात पक्कं बसव. सारांश-टेबल करण्याआधी त्यात किती ओळी येतील ते मोज. पन्नास कोटींचं टेबल ग्रुप करून पंचेचाळीस कोटींचं होणार असेल तर तो सारांश नव्हे, ती दुसरी प्रत झाली. आमच्याकडे, म्हणजे जिथे जिथे मी काम केलं तिथे बहुतेक सगळीकडे, अशा प्रती डझनावारी पडलेल्या असायच्या आणि प्रत्येकीच्या नावात समरी हा शब्द असायचा.

बेरजेच्या स्वभावाकडेही लक्ष दे. रक्कम आणि नग बिनधास्त बेरजेचे. सरासरी मात्र सरासरीतून निघत नाही, म्हणून सारांशात बेरीज आणि संख्या असे दोन रकाने ठेवायचे आणि भागाकार शेवटी करायचा. शिल्लक मालाची बेरीज दुकानांवर चालते, दिवसांवर चालत नाही. तीस दिवसांचा शिल्लक साठा एकत्र मिळवून महिन्याचा साठा सांगणारा रिपोर्ट मी पाहिलेला आहे, आणि तो सही होऊन पुढे गेला होता. वेगवेगळे ग्राहक किती, हा तर सगळ्यात वांधेवाला आकडा. रोजचे वेगवेगळे ग्राहक मिळवून महिन्याचे होत नाहीत, कारण सोमवारी आलेला माणूस गुरुवारीही येतो. तिथे हायपरलॉगलॉगसारखं स्केच साठवता येतं. ते दिवसांवर एकत्र होतं आणि उत्तर अंदाजे देतं. मार्केटिंगला तेवढं पुरतं. हिशेबखात्याला द्यायचं असेल तर मूळ टेबलाकडेच जायचं, तिथे काटकसर नको. आठवडे आणि महिने यांचंही जमत नाही बरं का. आठवडा दोन महिन्यांत लोंबकळतो, म्हणून आठवड्याच्या सारांशातून महिना काढायचा मोह टाळ आणि तळाला दिवसच ठेव.

साठवायचंच नसेल, एकाच बैठकीत उत्तरं हवी असतील, तर एका फेरीत सगळी काढ. नेहमीचं दृश्य असं असतं: सहा सिलेक्ट, मध्ये युनियन ऑल, आणि प्रत्येकीत तेच फॅक्ट टेबल. त्यातल्या एकीत पुणे, एकीत मुंबई, एकीत फक्त ऑनलाइन विक्री. ही सहाही कामं एका स्कॅनमध्ये होतात, प्रत्येक बेरजेला तिची अट फिल्टर म्हणून लावायची. फिल्टर नसेल तिथे केस. फक्त एक सांभाळ. सगळ्या अटी बेरजेच्या आत गेल्या आणि वेअर रिकामा राहिला, तर इंजिन सगळी वर्षं वाचत बसेल. सगळ्यांना पुरेल एवढी रुंद तारखेची अट बाहेर वेअरमध्येच ठेव, म्हणजे पार्टिशन गाळली जातात. आणि सात दिवसांचा, तीस दिवसांचा, नव्वद दिवसांचा असे तीन रिपोर्ट असतील तर नव्वदच्या फेरीत तिघांचं भागतं. पण चौथा रिपोर्ट पाच वर्षांचा असेल आणि दिवसातून एकदाच लागत असेल, तर त्याला या तिघांच्या गळ्यात बांधू नकोस.

ग्रुपिंग वेगवेगळं असेल तर ग्रुपिंग सेट्स. पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून आहे, ओरॅकलमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून. दोन खड्डे लक्षात ठेव. शहरवार एकूण काढताना मालाच्या रकान्यात नल येतो, आणि ज्या विक्रीला मालच नोंदवलेला नाही तिथेही नलच असतो. दोन्ही एकमेकांत मिसळले की एकूण आकडा एका निनावी मालाच्या नावावर चढतो. ग्रुपिंग नावाचं फंक्शन त्यासाठीच दिलंय, ते वापर. दुसरा खड्डा मेमरीचा. पोस्टग्रेसचं वर्क मेम मुळात ४ एमबी असतं. नऊ ग्रुपिंग एकत्र केले आणि डिस्कवर सांडायला लागले, तर वेगळ्या नऊ क्वेऱ्या परवडल्या असं म्हणायची वेळ येते. प्लॅनमध्ये डिस्क हा शब्द दिसतोय का ते बघ. कॉलमवाल्या वेअरहाउसमध्ये आणखी एक हिशेब लागतो. तिथे क्वेरी हवे तेवढेच रकाने वाचते, म्हणून दोन क्वेऱ्यांचे रकाने फारसे जुळतच नसतील तर त्या एकत्र करून हाती विशेष काही लागत नाही.

विथ लिहिलं की काम एकदाच होतं, असा तुम्हा सगळ्यांचा समज आहे. तो इंजिनावर अवलंबून आहे. पोस्टग्रेस ११ पर्यंत विथमधला भाग वेगळा काढून ठेवला जायचा. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून तो एकदाच वापरला असेल तर मुख्य क्वेरीत विरघळवला जातो, दोनदा वापरला असेल तर साठवला जातो, आणि मटीरियलाइझ्ड किंवा नॉट मटीरियलाइझ्ड लिहून तुला हवं ते सांगता येतं. बिगक्वेरीत एकच विथ तीन ठिकाणी वापरला तर तो तीनदा चालू शकतो आणि तीनदा बिल लावू शकतो. म्हणून प्लॅन बघितल्याशिवाय कोणाला छातीठोक सांगू नकोस. दोनापेक्षा जास्त क्वेऱ्यांना तोच भाग लागतो तिथे सरळ टेंपररी टेबल कर, आणि पोस्टग्रेसमध्ये ते भरल्या भरल्या त्यावर अनॅलाइझ चालव. ऑटोव्हॅक्युमला टेंपररी टेबलांना हात लावता येत नाही. तू सांगितलं नाहीस तर प्लॅनर आकार अंदाजाने धरतो आणि मग पुढचा जॉइन भलताच निवडतो. टेंपररी टेबल करूनही काही फरक पडला नाही अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच विचारते.

एक उदाहरण हाताने करून बघ, नुसतं वाचून कळणार नाही. टीपीसी-एच या चाचणीत २२ क्वेऱ्या आहेत, डेटा बनवायचं साधन फुकट मिळतं. त्यातली अकरावी घे. जर्मनीतल्या पुरवठादारांकडे कोणता माल जास्त मोलाचा आहे ते ती काढते. पार्टसप, सप्लायर आणि नेशन अशी तीन टेबलं जोडते, मालवार मोल काढते, आणि जर्मनीतल्या एकूण मोलाच्या ठरावीक अंशापेक्षा मोठं असेल तेवढंच ठेवते. हा एकूण आकडा काढायला हॅविंगमध्ये आतली क्वेरी आहे आणि तिच्यात तीच तीन टेबलं, तोच जॉइन, तीच जर्मनीची अट. एका क्वेरीच्या पोटातच द्विरुक्ती! एका जीबीच्या डेटावर पार्टसपमध्ये ८ लाख ओळी असतात, पुरवठादार १० हजार, देश २५. म्हणजे जर्मनीच्या वाट्याला साधारण ४०० पुरवठादार आणि प्रत्येकाच्या ८० ओळी, एकूण ३२ हजारांच्या आसपास. आठ लाख आत जातात, बत्तीस हजार बाहेर येतात. हे ठेवण्यासारखं काम आहे. ठेवायलाच हवं असंही नाही. मालवार बेरजांची बेरीज विंडो फंक्शनने त्याच फेरीत काढता येते, मग तीन टेबलं एकदाच जोडली जातात. आधी मूळ क्वेरीचा प्लॅन छापून घे, मग विथवाला, मग विंडोवाला, आणि पार्टसप किती वेळा वाचलं गेलं ते बोटाने मोज.

याच्या उलट, त्याच डेटातल्या लाइनआयटेम आणि ऑर्डर्स यांचा बिनअटीचा जॉइन. दहा क्वेऱ्यांना लागतो म्हणून साठवावासा वाटतो. ६० लाख ओळी आत, ६० लाखच बाहेर, आणि वर प्रत्येक ओळ आधीपेक्षा रुंद. लिहायचा खर्च, वाचायचा खर्च, जागा. एका ठिकाणी पुष्कळांना लागतंय एवढ्यावर भुलायचं नाही.

हिशेब साधा आहे. समज, एक भाग काढायला १२ मिनिटं लागतात, डिस्कवर लिहायला ३, आणि साठवलेला वाचायला दर वेळी २. दोन क्वेऱ्यांना हवा असेल तर वेगवेगळं करून २४, साठवून १२ अधिक ३ अधिक ४ म्हणजे १९. साठव. आता काढायलाच ४ मिनिटं लागत असतील तर? दोघींचे वेगळे ८, साठवून ११. तिघींचे वेगळे १२, साठवून १३. चौघी झाल्या तर १६ विरुद्ध १५, तेव्हा कुठे एक मिनिट वाचलं. त्या एका मिनिटासाठी नवं टेबल, नवा जॉब आणि तो पडला की रात्री दोनला फोन? राहू दे ते दोनदा. दोनदा होणारं काम स्वस्त असेल तर ते दुर्लक्षित करायला शीक.

थोडं मागचंही सांगते, कारण ही डोकेदुखी काही आपल्यापासून सुरू झालेली नाही. टिमोस सेलिस यांनी १९८८ सालीच अनेक क्वेऱ्या मिळून ऑप्टिमाइझ करण्यावर लिहिलं. अडचण कुठे आहे ते बघ. एका क्वेरीला बिलं, दुकानं आणि माल जोडायचेत. तिच्यापुरतं स्वस्त म्हणजे आधी बिलं आणि माल. दुसरीला बिलं, दुकानं आणि ग्राहक. तिच्यापुरतं स्वस्त म्हणजे आधी बिलं आणि ग्राहक. दोघींचे आपापले उत्तम प्लॅन शेजारी ठेवले तर सामाईक काहीच नाही. पण दोघींनी थोडी झीज सोसून आधी बिलं आणि दुकानं जोडली, तर तो तुकडा एकदा करून दोघींना मिळतो आणि एकूण खर्च उतरू शकतो. म्हणजे शोध फक्त उत्तम प्लॅनांमध्ये करून भागत नाही, दुय्यम प्लॅनही हाताशी ठेवावे लागतात. आणि साठवण्याजोगे तुकडे वीस असले तरी कोणते ठेवायचे याचे पर्याय दहा लाखांवर जातात.

यावर कामाला येईल असा रस्ता २००० साली पवईतून निघाला. प्रसन रॉय, एस. शेषाद्री, एस. सुदर्शन आणि सिद्धेश भोबे यांचा तो पेपर. आयआयटी मुंबईचं काम, त्यात पुण्याचाही हात. सुदर्शन म्हणजे डेटाबेसच्या त्या जाड पुस्तकातले तिसरे, ज्याला तुम्ही परीक्षेपुरतं नुसतं कोर्थ म्हणता. गेट्झ ग्रेफे आणि विल्यम मॅक्केना यांच्या १९९३ च्या व्होल्कॅनो ऑप्टिमायझरवर त्यांनी तीन पद्धती बसवल्या, आणि मला त्या तिन्हींत ऑफिसातली माणसं दिसतात. पहिली पद्धत प्रत्येक क्वेरीचा उत्तम प्लॅन घेते आणि त्यात योगायोगाने जे सामाईक निघेल ते वाटून घेते. बहुतेक टीम एवढ्यावर थांबतात. दुसरी क्वेऱ्या ओळीने घेते आणि आधीच्यांनी जे केलंय त्यातलं पुढचीला वापरता येईल का बघते. इथे क्रमावर सगळं अवलंबून, म्हणून ते उलटा क्रमही लावून बघतात. तिसरी लोभी पद्धत. अख्ख्या जथ्याचा खर्च समोर ठेवायचा आणि विचारायचं: एकच तुकडा साठवायचा झाला तर कोणता साठवल्याने एकूण खर्च सगळ्यात जास्त उतरेल? तो ठेवायचा. मग पुन्हा तोच प्रश्न, पहिला ठेवलाय हे धरून. फायदा संपला की थांबायचं. टीपीसीची ती अकरावी क्वेरी त्यांच्याही प्रयोगात होती.

हाताने करतानाही हीच तिसरी रीत धर. एका दमात दहा सारांश-टेबलं करू नकोस. एक कर, बॅच पुन्हा मोज, मग दुसरं ठरव. पहिलं ठेवल्यावर दुसऱ्याचा फायदा बहुतेक वेळा अर्धा झालेला असतो, कारण दोघांनी तेच काम वाचवायचं ठरवलेलं असतं. मॅनेजर विचारेल, सगळं एकदम का नाही? त्याला पहिल्या आणि दुसऱ्या रात्रीचे आकडे शेजारी ठेवून दाखव.

एकत्र करताना दोन फॅक्ट टेबलं थेट जोडायची नाहीत, हे तर तुला कॉलेजात कोणी सांगितलं नसेल. विक्री आणि परतावा, दोन्हीत बिल नंबर. एका बिलात विक्रीच्या तीन ओळी आणि परताव्याच्या दोन. बिल नंबरावर जोडलं की सहा ओळी, विक्री दुप्पट आणि परतावा तिप्पट. आकडा इतका बेमालूम फुगतो की धंदा चांगला चाललाय असंच वाटतं. आधी दोन्हीकडे बेरजा एकाच पातळीवर आण, दिवस-दुकान म्हण, आणि मग जोड. राल्फ किंबॉलच्या पठडीत हे फार जुनं आहे.

वेळेचं गणितही बघ. ज्या क्वेऱ्या तेच मोठं टेबल वाचतात त्या पाठोपाठ किंवा एकदम लाव, चार तासांच्या अंतराने विखुरू नकोस. पोस्टग्रेस ८.३ पासून एकाच मोठ्या टेबलावरचे सीक्वेन्शियल स्कॅन एकमेकांच्या बरोबरीने चालतात: दुसरा येतो तो पहिला जिथे पोचलाय तिथून वाचायला लागतो आणि राहिलेला भाग मागून पुरा करतो. डिस्कचं काम वाचतं. मात्र ऑर्डर बाय न लावलेल्या क्वेरीच्या ओळी मग आज एका क्रमाने, उद्या दुसऱ्या. फाइल जुळत नाही म्हणून कोणी ओरडत आलं तर आधी हे तपास.

रिझल्ट कॅश हा फुकटचा भाग आहे आणि तो तुम्ही फुकट घालवता. बिगक्वेरी काय, स्नोफ्लेक काय, टेबल बदललेलं नसेल तर तेच उत्तर २४ तास हाताशी ठेवतात. पण क्वेरीचा मजकूर जसाच्या तसा लागतो, आणि त्यात करंट टाइमस्टॅम्प घातलास की संपलं, दर वेळी नवी क्वेरी. डॅशबोर्डच्या टूलमध्ये तारीख कालची अशी ठरवून, आकड्यात लिहून पाठव. डेटा रोज पहाटे एकदाच भरला जातो, मग सेकंदापर्यंतची वेळ विचारून काय साधणार?

वेगाच्या पलीकडचं एक कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दोन रिपोर्ट एकाच सारांशातून निघाले तर आकडे जुळतात. एक दोन वाजता चालला, दुसरा पावणेतीनला, आणि मध्ये उशिरा आलेला लोड घुसला, की सकाळच्या मीटिंगमध्ये विक्रीप्रमुखांचा आकडा वेगळा आणि फायनान्सचा वेगळा. मग दिवसभर तुम्ही पोरं दोन्ही आकडे बरोबर कसे आहेत ते समजावत बसता. सामाईक टेबल करता येत नसेल तर निदान सगळ्या क्वेऱ्या रिपीटेबल रीडमध्ये, एकाच स्नॅपशॉटवर चालव. पोस्टग्रेस एका सेशनचा स्नॅपशॉट दुसऱ्याला देऊ देतो.

याची दुसरी बाजूही आहे. पूर्वी एका क्वेरीत अट चुकली तर एक रिपोर्ट चुकायचा. आता सामाईक टेबलात चुकली तर त्यावरचे सगळेच चुकतात, आणि एकमेकांशी जुळतात, म्हणून कोणाला संशयही येत नाही. सारांश भरला की लगेच मूळ टेबलाशी ताळा कर. एकूण रक्कम, एकूण नग, बिलांची संख्या. जुळलं नाही तर जॉब तिथेच पाडायचा, पुढचे रिपोर्ट अडले तरी चालतील. उशिरा आलेल्या रिपोर्टबद्दल बोलणी बसतात, ती खाऊन घे.

मटीरियलाइझ्ड व्ह्यूबद्दल थोडक्यात. ओरॅकल ८आय पासून मूळ टेबलावरची क्वेरी आपोआप व्ह्यूकडे वळवू शकतं. पोस्टग्रेस वळवत नाही, तिथे क्वेरीत व्ह्यूचं नाव लिहावं लागतं आणि रिफ्रेशही आपणच चालवायचा. लोक वाचत असताना रिफ्रेश करायचा तर कॉन्करंटली लाव, त्याला युनिक इंडेक्स लागतो. ओरॅकलमध्ये शिळा व्ह्यू चालेल अशी मुभा देता येते. ती कोणी देऊन ठेवलीय का, हे नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात बघ.

आणि केलेली टेबलं मोडायलाही शीक. सामाईक टेबलाच्या नावापुढे त्याचा धनी कोण आणि कोणकोणते रिपोर्ट ते वाचतात हे कमेंटमध्ये लिहून ठेव. पोस्टग्रेस १६ पासून टेबल शेवटचं कधी वाचलं गेलं याची वेळ मिळते, सीक्वेन्शियल स्कॅनची वेगळी आणि इंडेक्सची वेगळी. मात्र रात्रीचा पीजी डंपही टेबल वाचतोच, त्यामुळे पहाटे दोनची ताजी वेळ दिसली म्हणून टेबल वापरात आहे असं समजू नकोस. मोडायचं ठरलं तरी लगेच ड्रॉप नको. नाव बदलून ठेव आणि कोण ओरडतं ते बघ. महिनाअखेर जाऊ दे, मार्च जाऊ दे, ऑडिटवाले वर्षातून एकदाच येतात आणि त्यांची क्वेरी कुठल्याच लॉगमध्ये सापडत नाही.